तीन हजारांचा आकडा आणि कासचे पठार

श्रावण-भाद्रपदात साताऱ्याच्या पश्चिमेला, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार फुलू लागते. वर्तमानपत्रांत रंगीत छायाचित्रे येतात आणि शाळांच्या सूचनाफलकांवर ‘निसर्गसहल’ असे शीर्षक झळकते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ क्षेत्रांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील चार क्षेत्रे आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर कासकडे येणारी गर्दी झपाट्याने वाढली आणि गर्दीबरोबर उपायही आले. आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क, तारेच्या जाळीचे कुंपण आणि दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा हे त्यांतले मुख्य उपाय होत.

या उपायांमागचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शुल्काचा पैसा आजूबाजूच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांकडे जातो, गावातील तरुण पहारा देतात, वाट दाखवतात. महाराष्ट्रातील अनेक पर्यटनस्थळांच्या तुलनेत ही व्यवस्था कितीतरी बरी आहे. आणि ती बरी असल्यामुळेच तिची नीट चिकित्सा करणे उपयोगाचे ठरेल. आपल्याकडे कोणत्याही निसर्गस्थळाची चर्चा सुरू झाली की ‘धारणक्षमता’ हा शब्द येतो आणि त्यापाठोपाठ एखादा आकडा येतो. आकडा ठरला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजले जाते. हा आकडा जमिनीबद्दल नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे प्रस्तुत लेखात तपासून पाहायचे आहे.

पठाराची घडण

प्रथम जमीन समजून घेऊ. कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. माथ्यावर जांभ्या खडकाचे कवच आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळच्या काळ्या खडकातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, तोच हा जांभा. त्यावर माती अगदी पातळ, कुठे बोटभर, कुठे वीतभर. पावसाळ्यात पाणी खाली मुरायला जागा नसल्याने माती चिंब होऊन राहते, खोलगट जागी डबकी साचतात. उन्हाळ्यात तीच माती तापून भाजून निघते. पोषकद्रव्ये फार थोडी.

अशा जागी मोठी झाडे तग धरत नाहीत. म्हणूनच लहान वनस्पतींना तेथे वाव मिळतो. पठारावर सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जाती असल्याचे सांगितले जाते. निळी ‘सीतेची आसवे’ ही वनस्पती जमिनीलगतच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांत किडे अडकतात. मातीत नत्र कमी असल्याने या वनस्पतींनी काढलेली ही तोड आहे. ‘वायतुरा’ या पाणथळ वनस्पतीचा तुरा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो. ती सह्याद्रीच्या या भागातील मोजक्याच पठारांवर आढळते. पाणी आटल्यावर तिचा कंद चिखलात दडून पुढच्या पावसाची वाट पाहतो. टोपली कारवीची झुडपे टोपलीसारखी गोल वाढतात आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलतात.

या माहितीतून व्यवस्थापनाच्या दृष्टीने दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात. पहिली: येथील बऱ्याच वनस्पती एकवर्षायू आहेत. पावसाबरोबर उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि मरायचे, असा त्यांचा तीन-चार महिन्यांचा संसार. फुले पाहायला माणसे येतात तो काळ म्हणजे बी तयार होण्याच्या आधीचा काळ. तेव्हा तुडवलेले रोप पुढच्या वर्षासाठी काही ठेवून जात नाही. दुसरी: माती सर्वांत मऊ आणि ओली असते तेव्हाच तिच्यावर सर्वांत जास्त पावले पडतात. ओली माती दाबली गेली की तिच्या कणांमधील पोकळ्या बुजतात, हवा आणि पाणी यांची वाट बंद होते. म्हणजे कासच्या बाबतीत गर्दीचा काळ आणि जमीन नाजूक असण्याचा काळ हे एकच आहेत.

आकडा येतो कोठून?

‘धारणक्षमता’ ही कल्पना मुळात कुरणांच्या व्यवस्थापनातून आली. एका कुरणावर किती जनावरे चारली तर गवत पुन्हा तेवढेच उगवेल, हा तो प्रश्न. पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत आणि वनांत सहलीसाठी येणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा हीच कल्पना माणसांना लावून पाहिली गेली. १९६४ साली ॲलन वेगर या वनशास्त्रज्ञाने या विषयावर एक निबंध लिहिला. केवळ जमिनीचा अभ्यास करून हा आकडा काढता येईल अशा अपेक्षेने सुरू झालेला विचार त्याला अर्ध्यावर बदलावा लागला. लोकांना त्या जागेकडून काय हवे आहे, हे ठरल्याशिवाय किती माणसे ‘जास्त’ हे ठरत नाही, असे त्याच्या लक्षात आले. गाईला कुरणाकडून फक्त गवत हवे असते. माणसाला एकांत हवा असतो, गंमत हवी असते, फोटो हवा असतो, माहिती हवी असते, आणि या सगळ्यांना लागणारी जमीन वेगवेगळी असते.

तरीही आकडा काढण्याची सूत्रे लोकप्रिय झाली. कोस्टारिकातील मिगेल सिफुएंतेस यांनी १९९२ साली मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते. तिची पहिली पायरी अशी: जागेत एका वेळी किती माणसे मावतील ते काढायचे आणि त्याला दिवसातून किती फेऱ्या होऊ शकतात त्या संख्येने गुणायचे. मग पाऊस, धूप, कर्मचाऱ्यांची संख्या इत्यादी कारणांसाठी त्यातून वजावट करायची.

ही पहिली पायरी एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा १२०० मीटर लांबीची पायवाट आहे. २५ जणांचा एक गट आणि त्याच्यामागचे मोकळे अंतर मिळून प्रत्येक गटाला १०० मीटर वाट लागते असे धरले. म्हणजे एका वेळी १२ गट, ३०० माणसे. जागा ८ तास खुली, एका फेरीला २ तास, म्हणजे ४ फेऱ्या. एकूण १२०० माणसे. आता प्रत्येक गटाला १०० ऐवजी ५० मीटर पुरतील असे धरू. उत्तर लगेच २४०० येते. मधल्या काळात पायवाटेत, मातीत किंवा वनस्पतींत काहीही बदल झालेला नाही. बदलले ते आपले एक गृहीतक, आणि तेही गर्दी किती सहन होते याबद्दलचे. नंतरच्या वजावटीत मातीचा व पावसाचा विचार येतो हे खरे, पण ज्या संख्येतून वजावट करायची तीच अशी सैल असते. कासचा आकडा याच रीतीने काढला असे येथे म्हणायचे नाही. मुद्दा इतकाच की अशा आकड्याला दोन दशांश स्थळांपर्यंतचे उत्तर असले तरी त्यामुळे तो शास्त्रीय होत नाही. विद्यार्थ्यांना हे सूत्र जरूर सोडवायला द्यावे. गृहीतक बदलले की उत्तर किती बदलते, हे कळणे हाच त्यातला मोठा धडा आहे.

पहिली पंचवीस पावले

दुप्पट माणसे आली म्हणजे दुप्पट नुकसान, असे आपण सहज धरून चालतो. तुडवण्याच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र वेगळे चित्र दिसले. अमेरिकेतील डेव्हिड कोल आणि स्कॉटलंडमधील नील बेफील्ड यांनी १९९३ साली यासाठी एक सोपी प्रमाण पद्धत सुचवली. गवताळ जमिनीवर अर्धा मीटर रुंद व दीड मीटर लांब पट्टे आखायचे. एकावर २५ वेळा चालायचे, दुसऱ्यावर ७५, तिसऱ्यावर २००, चौथ्यावर ५०० वेळा, आणि एका पट्ट्यावर अजिबात नाही. मग किती हिरवे शिल्लक राहिले ते मोजायचे.

अशा अभ्यासांतून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की नाजूक वनस्पतींच्या जागी बहुतेक नुकसान पहिल्या थोड्याच फेऱ्यांत होऊन जाते. त्यानंतर फेऱ्या कितीही वाढवल्या तरी भर थोडीच पडते, कारण नष्ट होण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. आलेखावर रेषा आधी उभी चढते आणि मग आडवी होत जाते. भरून येण्याचा वेग मात्र फार कमी असतो. हे अभ्यास बहुतांशी थंड प्रदेशांतले आहेत, त्यामुळे जांभ्याच्या पठारावर त्यातील प्रत्येक आकडा जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. तथापि रेषेचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या रेषेच्या प्रकाशात तीन हजारांच्या मर्यादेकडे पाहिले तर काय दिसते? आधीच रुळलेल्या, टणक झालेल्या वाटेवरून तीन हजारांऐवजी दोन हजार माणसे गेली तर त्या वाटेवरच्या वनस्पतींचा फारसा फायदा होणार नाही. उलट चांगल्या फोटोसाठी वीस माणसे वाट सोडून फुलांच्या ताटव्यात शिरली, तर ताज्या जागेचे मोठे नुकसान दहा मिनिटांत होते. प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीत दोन्ही दिवस सारखेच दिसतील. किंबहुना वीस माणसांचा दिवस अधिक चांगला दिसेल.

याचा अर्थ संख्या निरर्थक आहे असा नाही. वाटेवर दाटी झाली की लोक बाजूने चालू लागतात, डबके चुकवण्यासाठी कडेच्या गवतावरून जातात आणि वाट रुंदावत जाते. संख्या अशी आडवाटेने काम करते. म्हणून मर्यादा असावी, पण तिच्यामागोमाग हेही विचारावे: माणसे चालतात कोठे? पाऊस पडून गेल्यावर किती वेळाने त्यांना आत सोडले जाते? पंचवीस माणसांमागे वाट दाखवणारा एक तरी आहे का? डबक्यांच्या जागी दगडांची पायठाणी मांडली आहेत का? वाहने कोठे थांबतात? जमिनीच्या दृष्टीने हे प्रश्न प्रवेशद्वारावरच्या आकड्याइतकेच, पुष्कळदा त्याहून मोलाचे आहेत.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

दुसरा उपाय कुंपणाचा. जागतिक वारशाचा दर्जा मिळण्याच्या सुमारास पठारावर तारेची जाळी उभी राहिली. त्यामुळे रस्त्यावरून थेट फुलांत धावणारी माणसे अडली, हा तिचा फायदा. पण जाळीला माणूस आणि म्हैस यांतला फरक कळत नाही. भोवतालच्या गावांची गुरे पिढ्यानपिढ्या पठारावर चरत आली आहेत, तीही बाहेर राहिली. पुढे जाळीच्या आत गवत उंच वाढून लहान फुलझाडे झाकली जात असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, वाद झाला आणि अखेर जाळी काढण्यात आली.

या वादातील युक्तिवाद समजायला सोपा आहे. बोटभर उंचीच्या रोपाला सूर्यप्रकाश हवा. गवत गुडघाभर वाढले तर तो मिळत नाही. गुरे गवत खाऊन ते आखूड ठेवतात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर गुरांचे खूरही माती दाबतात, आणि चराई बेसुमार झाली तर फुलेही जातात. कोणती चराई, किती, कोणत्या महिन्यात, हे ठरवण्यासाठी मोजमाप लागते.

या बाबतीत भरतपूरचा धडा प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा असा आहे. राजस्थानातील केवलादेव घना हे पाणपक्ष्यांचे प्रसिद्ध स्थान. १९८२ साली तेथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. बंदीला पक्षितज्ज्ञांचाही पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी मृत्युमुखी पडले. त्याच दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे दीर्घ अभ्यास केला. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचा १९९१ सालचा अंतिम अहवाल बंदीच्या समर्थकांना अनपेक्षित होता. म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचे पाणगवत माजले आणि त्याने उघडे पाणी व्यापले. त्याचा पक्ष्यांना त्रास झाला. म्हशी त्या दलदलीच्या घडणीचा एक भाग होत्या, हे म्हशींना बाहेर काढल्यावर कळले.

कास म्हणजे भरतपूर नव्हे. एक जांभ्याचे पठार, दुसरी दलदल. म्हणून भरतपुरातील निष्कर्ष कासवर चिकटवणे चूक ठरेल. घेण्यासारखी आहे ती रीत. कुंपण हा एक प्रयोग आहे, असे समजून तो केला पाहिजे. सगळे पठार एकदम बंद करण्याऐवजी दहा-दहा मीटरचे काही चौकोन बंद करावेत, तेवढेच शेजारी उघडे ठेवावेत, दोन्हींकडे कोणत्या जातीची किती रोपे आहेत ते आधी मोजावे आणि दरवर्षी त्याच आठवड्यात पुन्हा मोजावे. पाच-सहा वर्षांत वादाला आधार मिळेल. टोपली कारवीसारख्या वनस्पतीसाठी त्याहूनही जास्त काळ लागेल. मोजणीशिवाय जाळी घातली आणि मोजणीशिवाय काढली तर दोन्ही वेळा आपण मताने चाललो असे होते. आणि चुकीच्या मताची किंमत गुराख्याला तरी मोजावी लागते किंवा फुलाला.

प्रश्न बदलला तर

अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधकांनी १९८५ साली या गुंत्यातून एक वाट काढली. जॉर्ज स्टँकी, डेव्हिड कोल आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेल्या या पद्धतीला ‘स्वीकारार्ह बदलाची मर्यादा’ असे म्हणता येईल. माणसे आली की जमिनीत बदल होणारच, हे तिने आधी मान्य केले. मग ‘किती माणसे?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कोणत्या जागी किती बदल आम्हाला चालेल?’ असा प्रश्न विचारला. त्यासाठी जमिनीचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागासाठी मोजता येतील अशा खुणा ठरवायच्या, प्रत्येक खुणेची मर्यादा आधीच लिहून ठेवायची, दरवर्षी मोजायचे आणि मर्यादा ओलांडली की काय करायचे तेही आधीच ठरवायचे. माँटाना राज्यातील बॉब मार्शल अरण्यक्षेत्रात ही पद्धत प्रथम राबवली गेली, तेव्हा तेथे नियमित जाणारे नागरिकही ठरवण्याच्या कामात सहभागी होते.

कासला ही रीत लावली तर चित्र कसे असेल? एक भाग सर्वांसाठी: पक्की आखलेली वाट, गर्दी चालेल, थोडी माती उघडी पडलेली चालेल. दुसरा भाग लहान गटांसाठी, वाटाड्यासोबतच. तिसरा भाग डबक्यांचा आणि दुर्मीळ वनस्पतींचा, तेथे अभ्यासकांखेरीज कोणी जायचे नाही. खुणा अशा: ठरावीक वीस ठिकाणी वाटेची रुंदी, वाटेला फुटलेल्या चोरवाटांची संख्या, ठरावीक चौकोनांतील वायतुऱ्याची रोपे, रस्त्याकडेने आत शिरलेले तण. वाट एखाद्या ठिकाणी दीड मीटरच्या ऐवजी दोन मीटर झाली, तर तेवढा तुकडा पुढच्या वर्षी बंद. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. खरे आकडे गावकरी, वनखाते आणि अभ्यासक यांनी एकत्र बसून ठरवायचे असतात.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेता येतील आणि ते रास्त आहेत. पहिला, ती खर्चिक व किचकट आहे. प्रवेशद्वारावर माणसे मोजायला एक माणूस पुरतो, वाटेची रुंदी मोजायला अनेक लागतात. दुसरा, ‘बदल चालेल’ असे एकदा म्हटले की थोडे थोडे करून सगळेच चालू लागते. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर एवढेच की मर्यादा आधी लिहून सर्वांसमोर ठेवली तर ती गुपचूप सरकवणे कठीण जाते. पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र शाळांपाशी सापडण्याची शक्यता आहे. त्याकडे वळू.

आपल्या सहली काय शिकवतात?

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरणशिक्षण असावे असे निर्देश दिले आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा बजावले. तेव्हापासून विषय आला, वह्या आल्या, प्रकल्प आले आणि निसर्गसहलही त्या हिशेबात जमा झाली. १९७७ साली तिबिलिसी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरणशिक्षणाची पाच उद्दिष्टे सांगितली होती: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. आपली नेहमीची सहल या यादीत कोठवर पोहोचते?

पन्नास-साठ मुले, दोन शिक्षक, पहाटेची बस. शिक्षकांचे लक्ष डोकी मोजण्यात, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण जबाबदारी त्यांच्यावर असते. पठारावर दीड तास. ‘ही सोनकी, हा तेरडा, ही सीतेची आसवे’ अशी नावे वहीत उतरवली जातात. फोटो होतात, डबा होतो, परत. मुले आनंदाने येतात, आणि आनंद ही लहान गोष्ट नाही. पण सीतेची आसवे किडे का खातात, हा प्रश्न विचारला गेला नाही तर नावाचा उपयोग तेवढ्यापुरताच राहतो. तो प्रश्न विचारला की मातीपर्यंत जावे लागते, मातीपासून खडकापर्यंत, खडकापासून पावसापर्यंत. आणि मग आपल्या बुटाखाली काय चालले आहे, हेही आपोआप दिसते.

येथे थोडे परखड बोलणे भाग आहे. जागतिक वारसा पाहण्याआधी मुलांनी शाळेजवळचा माळ पाहिलेला नसेल, तर त्या सहलीने पठारावर पावलांचा भार टाकला आणि शिक्षणात भर थोडीच घातली. सड्यांना, माळांना, गायरानांना आपल्या बोलण्यात आणि पुष्कळदा सरकारी कागदांतही ‘पडीक’ म्हटले जाते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कोल्हापूर भागातील काही पठारे बॉक्साइटसाठी खणली गेली. पठार म्हणजे मोकळी जागा, ही समजूत त्यामागे होती. ‘पडीक’ जमिनीत काय काय राहते, हे शोधायला लावणारा तास शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घेता येतो. कास हा त्या अभ्यासक्रमाचा शेवटचा धडा असावा. त्याला पहिला आणि एकमेव धडा करणे हे मुलांच्या आणि पठाराच्याही हिताचे नाही.

शाळेच्या मैदानावर

असा तास कसा असू शकतो, याचे एक उदाहरण देऊन ठेवतो. वर सांगितलेली कोल-बेफील्ड पद्धत शाळेत करता येते. मात्र ती शाळेच्या मैदानाच्या किंवा परसाच्या गवतावरच करावी, पठारावर कधीही करू नये.

पावसाळ्यात गवत दाट झाल्यावर अर्धा मीटर रुंद व दीड मीटर लांब असे पाच पट्टे सुतळीने आखावेत. एक तसाच ठेवावा. उरलेल्या चारांवर अनुक्रमे २५, ७५, २०० आणि ५०० वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालावे. चालणारी मुले साधारण सारख्या वजनाची असावीत. अर्ध्या मीटरची चौकट घेऊन तिच्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या बांधून शंभर घरे करावीत. पट्ट्यावर चौकट ठेवून किती घरांत हिरवे दिसते ते मोजावे. तीच टक्केवारी. चालण्याआधी, चालल्यावर लगेच, पंधरा दिवसांनी आणि पुढच्या पावसाळ्यात अशी चार वेळा मोजणी करावी.

सोबत दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा प्रत्येक पट्ट्यात दोन बोटे खोल बसवून त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. माती दाबली जाणे म्हणजे काय, हे यातून वेगळे सांगावे लागत नाही. शक्य असल्यास एक संच कोरड्या दिवशी आणि दुसरा पाऊस पडून गेल्यावर करावा. आडव्या अक्षावर फेऱ्या आणि उभ्या अक्षावर नुकसानीची टक्केवारी घेऊन आलेख काढला की रेषा सरळ येते का वाकते, हे मुलेच सांगतील. आपल्या मैदानावरच्या चिवट हरळीत ती कदाचित सरळही येईल. तसे झाले तर का, हा आणखी चांगला प्रश्न हाती लागेल.

असा प्रयोग केलेली मुले पुढे कासला गेली, तर त्यांना फीत देऊन वाटेची रुंदी मोजायला सांगता येईल. परिसरातील दहा शाळांनी दरवर्षी त्याच वीस ठिकाणी, त्याच आठवड्यात, वाटेवर उभे राहून मोजमाप केले आणि ते वनव्यवस्थापन समितीला दिले, तर खर्चिक वाटणारी नोंद जवळजवळ फुकट होईल. मोजणारा गट लहान असावा, वाट सोडू नये, आणि समितीची परवानगी घ्यावी हे ओघानेच आले. अशा सहलीत तिबिलिसीची शेवटची दोन उद्दिष्टे, कौशल्य आणि सहभाग, कागदावरून जमिनीवर येतात.

तीन हजारांचा आकडा राहू द्यावा. गर्दीला लगाम हवाच. पण पठार सांभाळले जात आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. ते वाटेच्या रुंदीवरून, डबक्यातल्या वायतुऱ्यावरून आणि गवताच्या उंचीवरून कळेल. यंदा आपल्या शाळेची सहल कासला जाणार असेल, तर निघण्यापूर्वी मुलांना एकच प्रश्न फळ्यावर लिहून द्यावा: आपण येऊन गेलो हे पठारावर पुढच्या वर्षी कोणत्या खुणेवरून ओळखता येईल? उत्तर शोधायला त्यांना पट्टी, सुतळी आणि वही एवढे साहित्य पुरेल.